उघड्या दाराची खोली

पाच वर्षांचा एक मुलगा सकाळी जागा होतो आणि भोवतालच्या वस्तूंना एकेक करून सुप्रभात म्हणतो. दिव्याला, रोपट्याला, खुर्चीला, कपाटाला. पाहणाऱ्याला हा बाललीलेचा एक गोड प्रसंग वाटतो. आपल्याकडेही आया चंद्राला मामा आणि चिमणीला ताई म्हणायला शिकवतात. मूल त्या नात्यांच्या आधाराने अफाट जगाशी ओळख करून घेते. परंतु पडद्यावरच्या या मुलाला चंद्रही नाही आणि चिमणीही नाही. त्याच्या वाट्याला जेमतेम दहा फूट लांब व तितकीच रुंद अशी एक खोपट-खोली आली आहे. तिला छतातील एका झरोक्याखेरीज खिडकी नाही आणि तिचे दार बाहेरच्या माणसाला ठाऊक असलेल्या आकड्यांच्या कुलपानेच उघडते. ज्या आईने त्याला खुर्चीशी नाते जोडायला शिकवले, तिला दुसरे कोणतेही नातेवाईक देता येण्यासारखे नव्हते. हे ध्यानात येते, तेव्हा मघाचा गोडवा घशाशी अडकतो.

आयरिश दिग्दर्शक लेनी अब्राहमसन यांचा 'रूम' हा २०१५ साली प्रदर्शित झालेला चित्रपट असा सुरू होतो. त्याची पटकथा एमा डोनह्यू यांनी स्वतःच्याच २०१० सालच्या कादंबरीवरून लिहिली. डब्लिन येथे जन्मलेल्या व पुढे कॅनडात स्थायिक झालेल्या या लेखिकेची ती कादंबरी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचली होती. चित्रपटाला त्या वर्षी टोरांटो महोत्सवात प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार लाभला, आणि आईची भूमिका करणाऱ्या ब्री लार्सन यांना २०१६ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. एवढ्या मानसन्मानाचा हा चित्रपट गेल्या प्रायश्चित्तकाळात आम्ही आमच्या धर्मग्रामातील काही प्रौढ कुटुंबीयांसमवेत पुन्हा पाहिला. तो संपल्यावर एका गृहस्थांनी विचारले, "फादर, मुलाची आणि आईची सुटका तर अर्ध्यावरच झाली. मग पुढचा तासभर आम्हांला कशासाठी बसवले?" प्रश्न सरळ होता. त्या रात्री आम्हांला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

कथा अमेरिकेतील ओहायो राज्यात, ॲक्रन शहरी घडते. जॉय न्यूसम ही सतरा वर्षांची मुलगी रस्त्याने जात असता एका इसमाने आपला कुत्रा आजारी असल्याचा बहाणा केला. ती मदतीला गेली आणि त्याच्या परसातील खोपटात कोंडली गेली. त्याला सात वर्षे लोटली आहेत. त्या बळजबरीतून जन्मलेला जॅक आता पाच वर्षांचा होत आहे. त्या इसमाला मायलेक 'ओल्ड निक' म्हणतात. इंग्रजी बोलीत सैतानाला असलेले हे जुने टोपणनाव आहे, आणि चित्रपटात त्याची ओळख प्रामुख्याने या नावानेच होते. तो रात्री येतो तेव्हा मुलगा कपाटात झोपवलेला असतो. जे घडते ते आपल्याला कपाटाच्या फटीपलीकडून, मुलाच्या कानांनी कळते. अत्याचाराचे प्रदर्शन मांडून प्रेक्षक खेचण्याचा मोह येथे सहज होऊ शकला असता. तो टाळला, ही या चित्रपटाची पहिली सभ्यता होय.

असे प्रत्यक्षात घडते काय, असे कुणी विचारील. एप्रिल २००८ मध्ये ऑस्ट्रियातील आमश्टेटेन या गावी तळघरात चोवीस वर्षे कोंडलेली एक स्त्री बाहेर आली. कोंडणारा तिचा जन्मदाता होता, आणि तिच्यासोबतच्या मुलांत एक पाच वर्षांचा मुलगा होता. त्या बातमीने डोनह्यू यांच्या कादंबरीला चालना दिली. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर तीन वर्षांनी, मे २०१३ मध्ये, ॲक्रनपासून फार दूर नसलेल्या क्लीव्हलंड शहरातील एका घरातून सुमारे दशकभर डांबलेल्या तीन स्त्रिया आणि तेथेच जन्मलेली सहा वर्षांची एक मुलगी मुक्त झाली. भोवती वस्ती होती, शेजार होता. तेव्हा ही कथा कल्पित असली तरी अतिरंजित म्हणता येणार नाही.

पूर्वार्धात कॅमेरा खोलीबाहेर पाऊल टाकीत नाही, तरी खोली आपल्याला लहान भासत नाही. चित्रण जॅकच्या नजरेच्या पातळीवरून व वस्तूंच्या अगदी निकटून केले असल्याने पलंगाखालची जागा गुहेसारखी, न्हाणीचे टब तलावासारखे आणि अंड्यांच्या टरफलांची माळ खऱ्या सापासारखी वाटू लागते. याचे श्रेय छायाचित्रकाराला आहेच. परंतु कथेच्या अंगाने पाहता हे सारे आईचे कर्तृत्व आहे. रोजचा व्यायाम, रोजची गोष्ट, जीवनसत्त्वाची गोळी, दात घासणे, वाढदिवसाचा केक. दिवसाला शिस्त लावून तिने चार भिंतींत मुलासाठी बालपण उभे केले. मेणबत्त्या नसलेला केक पाहून मुलगा रुसतो आणि ती क्षणभर हतबल होते, तेव्हा त्या बालपणाची किंमत कोण मोजते आहे ते कळते.

या बालपणाच्या पायाशी एक असत्य आहे. खोली हेच जग, आणि दूरचित्रवाणीवर दिसते ते सारे खोटे, असे तिने मुलाला सांगितले आहे. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना असत्य भाषणाचे प्रकार आणि त्यांचे दोष आम्ही पाठ केले होते. या आईला त्यांपैकी कोणत्या रकान्यात बसवावे? जे मिळणे शक्य नाही त्याची तहान तिने मुलाला लागू दिली नाही, एवढेच. मात्र ओल्ड निकची नोकरी गेली आहे असे कळते, तो चिडून वीज आणि उष्णता बंद करतो, आणि मुलाच्या जिवाला धोका आहे हे तिला उमगते. तेव्हा तीच आई तेच असत्य स्वतःच्या हाताने मोडते. भिंतीला दुसरी बाजू असते, हे ती त्याला सांगू लागते. मुलगा चिडतो, आपल्याला पुन्हा चार वर्षांचे व्हायचे आहे म्हणतो. चित्रपटातील हा सर्वांत सकस संवाद आहे असे आमचे मत आहे. सत्य मुक्त करते यावर आमची श्रद्धा आहे. परंतु मुक्त करण्यापूर्वी ते किती दुखवते, हे येथे एका लहान मुलाच्या चेहऱ्यावर दिसते.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला येथे प्लेटोची गुहा आठवेल. भिंतीवरच्या सावल्यांना सत्य समजणारे बंदिवान आणि बाहेर पडून सूर्य पाहणारा एक जण. परंतु प्लेटोच्या दृष्टान्तात जो उजेड पाहतो तो परत येऊन इतरांना सांगतो. येथे उजेड पाहिलेली व्यक्ती गुहेतच राहते आणि उजेड कधीच न पाहिलेल्या बालकाला एकट्याने बाहेर धाडते. त्यामुळे आम्हांला प्लेटोहून निर्गमाच्या ग्रंथातील ती इब्री माता अधिक जवळची वाटली. लव्हाळ्याची पेटी करून तिने आपले तान्हे नाईल नदीच्या काठी पाण्यात ठेवले होते. जॉयचा पहिला बेत फसतो. तापाचे सोंग पाहून ओल्ड निक मुलाला इस्पितळात नेण्याऐवजी दुसऱ्या दिवशी औषध आणतो म्हणतो. मग ती मुलाला मेल्याचे सोंग शिकवते, गालिच्यात गुंडाळते आणि ज्याने तिचे सर्वस्व लुटले त्याच्याच हाती सोपवते. बेत बिघडला तर मूल पुन्हा दिसणार नाही, हे तिला ठाऊक आहे. मालमोटारीच्या हौद्यात गालिचा सुटतो आणि जॅकला प्रथमच आभाळ दिसते. झरोक्याएवढे आभाळ पाहिलेल्या डोळ्यांत ते मावत नाही. पुढे उडी, धावपळ, रस्त्याने जाणारा एक पादचारी, आणि मुलाच्या तुटक शब्दांतून खोपटाचा पत्ता शोधून काढणारी एक चाणाक्ष महिला पोलीस. बालक मातेला सोडवते.

येथे चित्रपट संपला असता, तर तो एक उत्तम सुटकेची गोष्ट ठरला असता आणि आपण समाधानाने घरी गेलो असतो. आमच्या त्या गृहस्थांचे म्हणणे तेच होते. पण चित्रपटाचे खरे धाडस आता सुरू होते.

घरी परतलेल्या जॉयला कळते की आईवडील विभक्त झाले आहेत आणि आई नॅन्सी लिओ नावाच्या गृहस्थासोबत राहते. तिची खोली आहे, पण सात वर्षांपूर्वीची मुलगी आता नाही. जॅकला जिने, वारा, अनोळखी आवाज, माणसांची गर्दी सोसवत नाही. तो परत खोलीत जाऊ या म्हणतो. गुलामगिरीतून सुटलेले इस्राएली लोक अरण्यात मिसरमधील मांसाच्या हंड्यांची आठवण काढून कुरकुरले होते, आणि आम्ही प्रवचनांतून त्यांना कृतघ्न ठरवीत आलो. जॅककडे पाहताना त्या लोकांविषयी आम्हांला प्रथमच कणव वाटली. बंदिवासातसुद्धा माणसाचे घर असते.

जॉयचे दुःख अधिक अवघड आहे, कारण तिने आता सुखी व्हावे अशी सर्वांची अपेक्षा आहे. आईशी झालेल्या भांडणात ती एक घाव घालते: इतरांशी चांगले वाग, ही तुझी शिकवण डोक्यात नसती तर त्या माणसाच्या आजारी कुत्र्यासाठी मी थांबलेच नसते. हे वाक्य ऐकताना आमच्या सोबतच्या माता स्तब्ध झाल्या. मुलींना आपण सौजन्य शिकवतो, मान खाली घालून मदत करायला शिकवतो. 'नाही' म्हणण्याचा अधिकार शिकवतो काय? चित्रपट नॅन्सीला दोषी ठरवीत नाही. सात वर्षे तिनेही काही सोसले आहे, हे जोन ॲलन यांनी मोजक्या हालचालींतून दाखवले आहे. पण प्रश्न हवेत राहतो आणि तो राहायलाच हवा.

आजोबांचा प्रसंग याहून कठोर आहे. जेवणाच्या टेबलाशी मुलीचे वडील नातवाकडे पाहूच शकत नाहीत. त्याच्याकडे पाहा, असे जॉय बजावते. त्यांना ते जमत नाही आणि ते निघून जातात. विल्यम मेसी यांनी हा माणूस खलनायक म्हणून रंगवलेला नाही. त्यांचे मुलीवर प्रेम आहे. मात्र मुलामध्ये त्यांना केवळ गुन्हा दिसतो. बळजबरीतून जन्मलेल्या बालकाच्या जीवनाचे पावित्र्य आम्ही व्यासपीठावरून सांगतो. ते बालक आपल्या टेबलाशी येऊन बसले तर आपण मान वर करून पाहू काय? उलट ज्याचा या मुलाशी रक्ताचा काडीमात्र संबंध नाही तो लिओ त्याला ओढत नाही, गोंजारत नाही, प्रश्न विचारीत नाही. आपल्या कामात राहून तो त्याला जवळ येण्याची मोकळीक देतो आणि पुढे आपला कुत्रा शेमस भेटीस आणतो. ओल्ड निकने एका खोट्या कुत्र्याच्या नावाने एक बालपण चोरले होते; येथे एक खरा कुत्रा बालपण परत देतो. चित्रपट संपल्यावर आमच्यातील एक वृद्ध बाई एवढेच म्हणाल्या, "बाप गेला, पण परका थांबला. संत योसेफही परकाच होता की." या वाक्यात अर्धे परीक्षण आले.

आणि मग ती मुलाखत. वकिलाच्या सल्ल्यावरून जॉय दूरचित्रवाणीसमोर बसते. मुलाखत घेणारी बाई सुसंस्कृत आहे, आवाज मृदू आहे. ती विचारते: मूल जन्मले तेव्हा त्याला इस्पितळाच्या दारी ठेवून यावे, असे त्या माणसाला सांगण्याचा विचार तुमच्या मनात आला नाही काय? त्याला मी होते, अशा अर्थाचे जॉयचे उत्तर आहे. पण प्रश्न आत रुततो. ज्या प्रेमावर ती पाच वर्षे जगली तेच प्रेम स्वार्थ होते की काय, या संशयाने ती खचते आणि स्वतःचा जीव संपवण्याचा प्रयत्न करते. मुलगाच तिला पाहतो, ती वाचते. ओल्ड निकच्या क्रौर्याला जे साधले नाही ते एका सभ्य प्रश्नाने जवळजवळ साधले. आमच्या त्या गृहस्थांना आमचे उत्तर येथे आहे. पुढचा तासभर आपल्याला यासाठी बसवले, की पूर्वार्धातील खोली त्या दुष्टाने बांधली होती, पण उत्तरार्धातील खोली आपल्यासारखी भली माणसे बांधतात. त्या भिंती प्रश्नांच्या, कीव करण्याच्या, नजर चुकवण्याच्या असतात.

आत्महत्येच्या बाबतीत आमच्या ख्रिस्तसभेनेही शिकण्यास वेळ घेतला आहे. १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारले जाई. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने तीव्र मानसिक वेदना व भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते असे स्पष्ट सांगून अशा व्यक्तींसाठी प्रार्थना करण्यास शिकवले. नियम बदलला, कुजबुज सर्वत्र बदलली असे म्हणता येत नाही. हा प्रसंग आपल्या कुजबुजीवरचा आरसा आहे.

इस्पितळात असलेल्या आईसाठी जॅक काय करतो? त्याने कधीही न कापलेले लांब केस ही त्याची 'ताकद' आहे, असे तो मानतो. ते केस तो आजीकडून कापून घेतो आणि आईकडे पाठवतो. शास्तेच्या ग्रंथातील शमशोनाचे केस त्याच्या झोपेत, कपटाने कापले गेले आणि बळ गेले. येथे एक बालक जागेपणी, हट्टाने आपले बळ दुसऱ्याला देऊन टाकते, आणि त्याचे स्वतःचे बळ कमी न होता वाढते. याच सुमारास तो शेजारच्या मुलाशी खेळू लागतो. पटकथेने हे सारे न बोलता केले आहे. पुढे घरी आल्यावर, आपण पुरेशी चांगली आई नाही, असे जॉय म्हणते. तू आई तर आहेस, एवढेच मुलाचे उत्तर आहे. सांत्वनाचे इतके नेमके शब्द आम्हां धर्मगुरूंना क्वचित सुचतात.

काही वाचक विचारतील, क्षमा कोठे आहे? अटकेनंतर ओल्ड निक कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. त्याला क्षमा करण्याचा विचारही कुणी काढीत नाही. आम्हांला हे उणे वाटले नाही. सुदानमध्ये बालपणी पळवली गेलेली, अनेकदा विकली गेलेली आणि स्वतःचे जन्मनावही विसरलेली जोसेफिन बखिता २००० साली संत म्हणून घोषित झाली. आपल्याला पळवणाऱ्यांविषयी तिने काढलेले क्षमेचे उद्गार आपण आदराने स्मरतो. पण ते उद्गार मुक्त झालेल्या स्त्रीचे होते, तिचे स्वतःचे होते. जखम ओली असता क्षमेचा आग्रह धरणे म्हणजे जखमी माणसावर आणखी एक ओझे टाकणे होय. अशी घाई आमच्याही हातून झाली आहे, हे येथे नमूद केलेले बरे.

चित्रपटात दोष नाहीत असे नव्हे. कादंबरी सर्वस्वी मुलाच्या तोंडून येते आणि तिचे अर्धे सामर्थ्य त्या भाषेत आहे; पडद्यावर त्या निवेदनाचे तुकडेच उरले आहेत. गालिच्याच्या प्रसंगी संगीत भावनेला नको तितका हात देते. आजोबा गेले ते गेलेच. त्यांच्या मनात पुढे काय झाले हे जाणून घेण्याची उत्सुकता चित्रपटाने जागवली आणि वाऱ्यावर सोडली. जॉयचे इस्पितळातील दिवसही पडद्याआड राहतात, त्यामुळे तिचे सावरणे काहीसे त्वरित वाटते. मात्र ब्री लार्सन यांचा संयत अभिनय आणि चित्रीकरणाच्या वेळी सुमारे आठ वर्षांच्या असलेल्या जेकब ट्रेम्ब्ले या बालकलावंताचे निरागस, तरीही हट्टी वागणे ही उणीव बरीच भरून काढते. पालकांना एक सूचना: हा चित्रपट लहान मुलांसाठी नाही. मोठ्या मुलामुलींनी तो आईवडिलांसमवेत पाहावा आणि नंतर घरी त्यावर बोलावे.

शेवटी जॅकच्या आग्रहावरून मायलेक पोलिसांसोबत खोलीत परत जातात. पुराव्यासाठी बहुतेक वस्तू नेलेल्या आहेत. कॅमेरा आता दूर उभा आहे आणि आपल्याला प्रथमच दिसते की ती किती क्षुद्र, मळकट जागा होती. खोली आक्रसली काय, असा प्रश्न मुलाला पडतो. मग दार उघडे असल्यामुळे ती खोलीच राहिली नाही, असे तोच ठरवतो. सकाळी ज्यांना सुप्रभात म्हटले जाई त्या उरलेल्या वस्तूंना तो एकेक करून निरोप देतो आणि आईलाही निरोप घ्यायला सांगतो. तिचे ओठ हलतात. आवाज फुटत नाही. मुलाचा निरोप पूर्ण झाला, आईचा अजून व्हायचा आहे. चित्रपट तिला घाई करीत नाही. बाहेर बर्फ पडत असते आणि ती दोघे चालू लागतात. त्यांच्या मागे ते दार कुणी लावीत नाही.